रस्त्याकडचं दार

घर काढायला शिकायचं म्हणून एखादा मुलगा पाच वर्षं मुंबईला जाऊन राहतो, हे ऐकून मला हसूच आलं होतं. आमच्या खैरटोलीत लटारू सुतार होळी झाली की खांब रोवतो आणि पाऊस लागायच्या आत माणसं घरात राहायलाही जातात. त्यात पाच वर्षं शिकायचं ते काय? पण वरोऱ्याच्या नूर मोहम्मद कवेलूवाल्यांचा अयूब माझ्या शाळेच्या ओट्यावर बसून मला ते इतक्या गंभीरपणे सांगत होता की मी पदर तोंडाला लावला आणि ऐकून घेतलं.

आमचा चांदा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, त्यामुळे मुंबईचं काहीही म्हटलं की गावाला उगाच आपलेपणा वाटायचा. अयूबच्या वडलांच्या कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, गाड्या सिंदेवाहीपासून आरमोरीपर्यंत सगळीकडे जायच्या. तशाच एका गाडीवर कवेलूंच्या ढिगाशेजारी एक भली मोठी लाकडी फळी छातीशी धरून हा मुलगा आमच्या गावात उतरला होता. ही फळी म्हणजे चित्र काढायची पाटी. वाटेत कवेलू फुटले तरी चालतील, पाटी फुटायला नको, असा त्याचा हिशेब.

"सुट्टीतलं काम आहे, बाई," तो म्हणाला. "आपल्या जिल्ह्यातला एक खरा माणूस शोधायचा. तो कसा राहतो, कसा उठतो-बसतो ते पाहायचं, आणि त्याच्यासाठी घर काढायचं. कॉलेज उघडलं की नकाशे भिंतीवर लावतात. सगळे प्राध्यापक समोर ओळीनं बसतात आणि एकेक रेघ काऊन काढली म्हणून विचारतात."

"आणि नाही सांगता आलं तर?"

"तर सगळ्यांदेखत सोलतात. मागच्या वर्षी माझा जिना इतका उभा होता, सर म्हणाले, हा जिना बकऱ्यांसाठी आहे काय?"

मला मुलगा आवडला. स्वतःची फजिती सांगणारा माणूस मला नेहमीच आवडतो. मी त्याला माझ्या खोलीमागची पडवी राहायला दिली आणि खरा माणूसही शोधून दिला. त्यासाठी लांब जायची गरज नव्हती. मोहफुलं वेचायच्या दिवसांत झाडाखाली जागा साफ करायला पाला जाळतात, तसा कुणीतरी जाळला होता. वारा फिरला आणि गावाच्या टोकाचं गुणाबाईचं घर भर दुपारी जळून गेलं. गुणाबाई विधवा. तिचा नवरा वारलू दोन वर्षांमागं तापानं गेला, पदरी लेकरू नाही. घर जळल्यापासून ती थोरल्या दिराच्या, भैयाजीच्या, गोठ्याशेजारी झोपत होती. गावानं रिवाजाप्रमाणे घरटी एक खांब आणि गवताची पेंढी द्यायचं कबूल केलं होतं, पण घर कसं उठवायचं ते अजून ठरलं नव्हतं.

अयूब कामाला लागला आणि गावाला फुकटचा तमाशा मिळाला. पहिल्या दिवशी त्यानं जळक्या जागेत एक काठी रोवली आणि तिची सावली जिथं पडेल तिथं दिवसभर खडे ठेवत बसला. दुसऱ्या दिवशी तो बिडी पिणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मागे लागला, कारण त्याला धूर कुठं जातो ते पाहायचं होतं. मंगरू म्हाताऱ्यानं तर त्याच्याकडूनच बिडीबंडल वसूल केलं. मग त्यानं फीत लावून जागा मोजली आणि कागदावर सगळ्यात आधी झाडं काढली, गोल गोल, वरून घारीला दिसतील तशी. जागेच्या रस्त्याकडच्या बाजूला एक चिंच होती, अर्धी होरपळलेली. तिच्या फांदीला नखानं ओरबाडून आतून हिरवी आहे का ते त्यानं पाहिलं आणि तिलाही एक गोल दिला.

"घराच्या आधी झाडं?" मी विचारलं.

"आमचे सर म्हणतात, झाडाला हलता येत नाही, घराला येतं. म्हणून झाड आधी."

"आणि पहिल्या वर्षी काय शिकवतात?"

"रेघ मारायला. खरंच, बाई. महिनाभर नुसत्या रेघा. मग अक्षरं. मग एक मडकं समोर ठेवून त्याची सावली. मग विटा, कमानी, जिने. मला वाटलं होतं पहिल्याच दिवशी ताजमहाल काढायला देतील." तो हसला. "चौथ्या वर्षी कळलं, ते घर शिकवतच नाहीत. माणसाकडं पाहायला शिकवतात."

मोठं बोलत होता. त्या वयात सगळेच बोलतात. मी म्हटलं, बरं बाबा, पाहा आमच्याकडं, आणि शाळेच्या कामासाठी सिंदेवाहीला गेले. तिथं कचेरीतल्या लोकांनी मला आज या, उद्या या करत अडकवून ठेवलं.

परत आले तो दिवस मावळत होता. अयूब ओट्यावर पाटी मांडून माझीच वाट पाहत होता. चेहरा असा फुललेला, जणू पोराचं बारसं आहे.

"झालं, बाई! मी गुणाबाईला सगळं विचारलं. चूल कुठी पाह्यजे, धान कुठी कांडता, पाणी कुठून आणता. असं कोणी विचारत नसते. आमच्या वर्गातली अर्धी पोरं घरीच बसून काढतात."

नकाशा सुंदर होता, खोटं कशाला बोलू? बारीक काळ्या शाईच्या रेघा, चुलीवर धुराला जायला वाट, उखळाला उजेड, मागे वालाचा मांडव. त्यानं मला वाचायला शिकवलं. जाड रेघ म्हणजे भिंत, आणि रेघ जिथं तुटते तिथं दार. मी बोट फिरवत गेले. रस्त्याच्या बाजूची रेघ सलग होती. तुटली होती ती पलीकडं, भैयाजीच्या अंगणाकडं.

"दार इकडं काऊन?"

"कारण रस्ता पश्चिमेला आहे. दुपारचं ऊन तिकडून, पाऊस तिकडून. पश्चिमेला दार ठेवलं तर पावसाळाभर बाई घरात पाणी उपसत बसन. हे तर आम्हाले दुसऱ्या वर्षीच शिकवतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि तिनं हो म्हटलं?"

"नाई म्हटलं नाही."

"म्हटलं काय? शब्द सांग."

तो जरा गडबडला. "ती काही बोलली नाही. दाराआड उभी होती, पदर घेऊन. भैयाजीभाऊ सांगत होते. मी विचारायचो, ते सांगायचे. मले वाटलं, मोठ्या माणसासमोर विचारलेलं बरं. एकट्या बाईशी बोलत बसलो तं लोक काय म्हणतीन?"

त्याचं चुकलं असंही म्हणवेना. वरोऱ्याच्या बाजारपेठेत वाढलेल्या मुसलमानाच्या पोरानं अदब पाळली होती. फक्त नेमक्या चुकीच्या माणसासमोर पाळली होती. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भासरा म्हणतात, आणि बाई भासऱ्यासमोर बोलत नाही. त्याच्यासमोर तोंड उघडत नाही, त्याच्या सावलीवर पाय देत नाही. तिथं तिला विचारणं म्हणजे तोंडावर हात ठेवून नाव विचारण्यासारखं होतं.

आणि दार म्हणजे आमच्या गावात नुसतं आत-बाहेर जायची वाट नाही. आमचं धान तलावावर. पावसानं आश्विनात पाठ फिरवली की तलावाचं पाणी पाळीपाळीनं बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, सोडतात, आणि पाळी मोजतात दारावरून. रस्त्यावर जितकी दारं, तितक्या पाळ्या. दोन भाऊ वेगळे झाले की आधी रस्त्याला नवीन दार फोडतात, भांडीकुंडी मागून वाटतात. ज्याचं दार दुसऱ्याच्या अंगणात उघडतं तो त्या घरचा, त्याची चूल त्या घरची, त्याची बांधीही त्या घरच्या पाळीवर भिजायची. वारलू असताना गुणाबाईचं दार रस्त्यावर होतं. तो गेल्यावरही तिनं आपली पाळी आपण घेतली होती, आपलं धान आपण कापलं होतं. आता दार अंगणात गेलं की ती बांधीची मालकीण राहणार नव्हती. भैयाजीच्या घरची कामाची एक बाई होणार होती, भाकरी मिळेल तिथं बसून खाणारी.

हे सगळं मी अयूबला सांगितलं, आणि चांगलं झाडून सांगितलं. माणसाकडं पाहायला शिकवतात म्हणे! त्यानं कागदावरच्या रस्त्याकडच्या सलग रेघेवर बोट ठेवलं. म्हणाला, "मी तिची पाळी खोडली, बाई. शाईनं."

मला त्याची दया आली, पण दयेनं भागणारं नव्हतं. भैयाजीनं मागच्या दोन दिवसांत गावभर सांगून टाकलं होतं की मुंबईच्या शिकलेल्या माणसानंच दार अंगणाकडं काढलं, आता माझ्याकडं बोट दाखवू नका. खांबही तासून झाले होते. उद्या सकाळी रोवणी होती.

पहाटे आम्ही दोघं तलावाच्या काठावर गेलो. गुणाबाई घागर भरत होती. अंगाने किडकिडीत, पण भरलेली घागर डोक्यावर अशी ठेवायची की पाण्याला कळू नये. अयूब लांब उभा राहिला. मी विचारलं, "गुणाबाई, तुले दार कुठी पाह्यजे होतं?"

"आता विचारून काय फायदा, बाई? कागदात निंगालं न."

"कागद माझा आहे," अयूब लांबूनच म्हणाला. "मी बदलतो."

"बदलान तुम्ही," ती पाण्याकडं पाहत म्हणाली. "पन लोक म्हणतीन, रांडव बाईनं पोराले फितवलं. माह्या तोंडून निंगाल्याशिवाय ते खरं होनार नाई. आन माह्या तोंडून निंगनार नाई, ते समोर असतीन न."

"मी बोलते तुझ्यासाठी," मी म्हटलं.

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही नका बोलू. तुम्ही आज इथी, उद्या तुमची बदली. मले इथीच राहा लागते."

हे मला लागलं. खरं होतं म्हणूनच लागलं.

सकाळी अख्खं गाव जळक्या जागेवर जमलं. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मधे हळदकुंकू लावलेला पहिला खांब आडवा ठेवलेला. भैयाजी फेटा बांधून खांबाशी बसला होता. भैयाजीला मी वाईट माणूस म्हणणार नाही. मागच्या साली त्याच्या खालच्या बांध्या पाण्यावाचून करपल्या होत्या आणि गुणाबाईची बांधी हाती आली तर ती घट भरून निघणार होती, हे खरं. धाकट्या भावाची बायको रस्त्यावर दार उघडं टाकून एकटी राहते याची त्याला लाज वाटायची, हेही खरं. दोन्ही मिळून त्याला ते न्यायाचं वाटत होतं. माणूस स्वतःच्या फायद्याला असाच न्याय म्हणू लागतो, आणि शपथेवर सांगतो.

अयूबनं पाटी आणली, खांबाला टेकवून उभी केली आणि खिशातून दाढीचं पातं काढलं. सगळे पाहत असताना त्यानं रस्त्याकडच्या भिंतीवरची शाई खरवडायला सुरुवात केली. खर्र खर्र आवाज येत होता.

"हे काय करून राह्यले, साहेब?" भैयाजी उठला.

"चूक झाली, भाऊ. दार तिकडं नाही, रस्त्याकडं पाह्यजे."

"परवा तं ऊन-पाऊस सांगत होते. आता सूर्य फिरला काय?" माणसं हसली.

"सूर्य तिथंच आहे. कॉलेजात या दारासाठी माझे मार्कही कापतीन. पन ऊन-पाऊस मी अडवू शकतो. खोल पडवी काढतो, वळचण खाली आणतो, चिंचेला पालवी फुटून राह्यली, तिची सावली दारावर येईन. ते मला शिकवलंय." त्यानं पातं खाली ठेवलं. "माणसाला विचारल्याशिवाय काढायचं नाही, हेही शिकवलं होतं. मी गुणाबाईला विचारलंच नाही. तुम्हाले विचारलं."

भैयाजीचा चेहरा काळवंडला. पण तो कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो खाली बसला आणि शांतपणे म्हणाला, "मंग विचारा न. इथी उभी हाये ते. माह्यासमोर विचारा. ते म्हनन तसं करू. कोन नाई म्हनते?"

सगळ्यांना कळलं त्यानं काय केलं ते. हसू थांबलं. अयूबनं माझ्याकडं पाहिलं. माझी जीभ शिवशिवत होती, पण पहाटेचे तलावावरचे शब्द आठवले आणि मी दात दाबून गप्प राहिले. फार कठीण गेलं मला.

आमच्याकडे फारच अडलं तर बाई भिंतीशी बोलते. म्हणजे तोंड भिंतीकडं करून म्हणायचं, भिंती भिंती, घरात मीठ नाही. भासरा ऐकून मीठ आणतो. बोलणं भिंतीशी झालं म्हणून कुणाची अदब मोडत नाही. जुन्या बायकांची ही युक्ती. पण त्या मोकळ्या जागेत भिंत कुठं होती? होती ती राख.

बायकांमध्ये हालचाल झाली. गुणाबाई पुढं आली. पदर नाकापर्यंत ओढलेला, मान खाली. मला वाटलं ती पाया पडून सगळं संपवते आहे. ती खांबापर्यंत आली, अयूबच्या पाटीसमोर उकिडवी बसली, आणि भैयाजीकडं पाठ करून त्या कागदाशी बोलू लागली.

"कागदा," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की पोरंसुद्धा चूप झाली. "कागदा, तुह्यात भिंती हायेत म्हने. त मी तुह्याशी बोलतो. माहं दार रस्त्यावर होतं. माहं दार मले रस्त्यावर पाह्यजे."

अयूब पाटी दोन्ही हातांनी धरून उभा होता, पुतळ्यासारखा.

भैयाजीला उठून जाता आलं असतं. कागद ही भिंत नाही, असं म्हणता आलं असतं, आणि अर्धं गाव त्याच्या बाजूनं झालं असतं. पण ती अदबीनं बोलली होती. अदबीनं विचारलेल्याला उत्तर न देणं त्याला जमेना. तोही त्या कागदाकडंच पाहून बोलला.

"कागदा, त्याईले सांग. रस्त्यावरच्या दाराले पाळी येते. पाळी रातची असते. काट्याकुट्यात कंदील घेऊन बांधावर उभं राहा लागते. मी उठवाले येनार नाई. माहा भाऊ होता तं तो उठत होता."

गुणाबाईनं मान वर केली नाही. बोटानं कागदावरची खरवडलेली जागा चाचपली, जिथं आता रेघ नव्हती.

"कागदा, त्याईले सांग," ती म्हणाली, "कोनी उठवाले नको या. ते गेल्यापासून मले झोपच नाई."

भैयाजीनं एकदम तोंड फिरवलं. वारलू त्याच्या हाताखाली वाढलेला होता, त्यानं खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलेला. दोन वर्षांत त्या दोघांनी, दिरानं आणि भावजयीनं, एका अंगणाच्या अंतरावर राहून त्याच्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. काढणार कसा? बोलायचीच बंदी. आज पहिल्यांदा ते दोघं मिळून त्याच्याबद्दल बोलले, तेही एका परक्या पोराच्या कागदाशी.

बायकांमधली एक हुंदका देऊ लागली. मी तर उघडच रडत होते, मला त्याची लाज वाटत नाही.

भैयाजी उठला. फेटा सोडून खांद्यावर टाकला, लटारूच्या हातातली पहार घेतली आणि कुणाकडंही न पाहता रस्त्याच्या बाजूला गेला. तिथं उभा राहून त्यानं कागदाला विचारलं, "दार इथी, का अजून चिंचेकडं?"

"चिंचेकडं," गुणाबाई कागदाला म्हणाली.

तो दोन पावलं सरकला आणि खणायला लागला.